मावशी उजवीकडे सरकते

घोड्याच्या अंगावर माशी बसली की त्याला ती कळते. नव्या शिकणाऱ्यांना मी पहिल्याच दिवशी हे दाखवते. माशी बसली तेवढ्याच जागची कातडी थरथरते, माशी उडते आणि घोडं आपलं गवत खात राहतं. कातडीखाली स्नायूचा पातळ पडदा असतो, हे काम त्याचं. मग मी म्हणते, "ज्याला माशी कळते त्याला तुमची मांडी कळणार नाही का? तेव्हा पाठीवर बसून बोंबलू नका. पायाने सांगा, आणि हळू सांगा." एवढं झालं की मी स्वतः घोडीवर बसते आणि लगामाला हात न लावता तिला रिंगणभर फिरवून आणते. लोक तोंडात बोटं घालतात. मला ते फार आवडतं, खोटं कशाला बोलू.

ही घोडी म्हणजे मावशी. कागदावर तिचं काहीतरी भारदस्त नाव आहे, पण येईल त्याला पाठीवर घेते आणि कोणालाही पाडत नाही, म्हणून सगळ्यांची मावशी. मला सगळे बाई म्हणतात. माझ्या नाकावर राग असतो आणि तोंडाचा पट्टा सुरू झाला की थांबत नाही, हे तबेल्यात सगळ्यांना पाठ आहे. पण शिकवावं तर बाईंनीच, असंही म्हणतात. निदान म्हणायचे.

दोन-एक महिन्यांपासून मावशी उजवीकडे सरकायला लागली. आता हे समजून घ्या. बसणाऱ्याने डावी पोटरी घोड्याच्या बरगडीला दाबली की घोडं उजवीकडे सरकतं. ही आमची बाराखडी. म्हणजे कोणी काही सांगितलेलं नसताना सरकणारं घोडं हे बिघडलेलं घोडं. मी तिला सरळ नेते आणि ही आपली मधेच एक पाऊल उजवीकडे. परत सरळ करावी, की परत उजवीकडे. आणि हे फक्त मी बसले की. बाकीच्यांना घेऊन ती शहाण्यासारखी चालायची. माझा काय संताप झाला म्हणून सांगू! इतकी वर्षं जिला हाताने भरवलं ती माझ्याशीच वाकड्यात शिरते म्हणजे काय?

बाकीच्यांत एक पोतं होतं. पोतं म्हणजे एक निवृत्त कारकून. साठी उलटल्यावर गृहस्थांना घोडा शिकायची हौस आली. वर्ष झालं तरी बसणं सुधारलं नाही, पाय दोन्हीकडे नुसते लोंबत असतात. हे नाव मीच ठेवलं आणि तोंडावर ठेवलं. ते हसून म्हणाले, "बरोबर आहे, बाई." तर त्या पोत्याला घेऊनसुद्धा मावशी आखलेल्या रेषेवरून गेल्यासारखी जायची.

एका रविवारी नवीन मंडळी आली होती, त्यांच्यासमोर मी नेहमीसारखी लगाम सोडून निघाले. अर्ध्या फेरीत मावशी उजवीकडे सरकली, पुन्हा सरकली आणि मला घेऊन कठड्याला जाऊन भिडली. माझा गुडघा सोलला. कोणीतरी हसलं. फार मोठ्याने नाही, पण हसलं. ज्याच्या पायाला बोलता येत नाही त्याने छडी वापरावी, असं मीच शिकवते. त्या दिवशी मी सगळ्यांसमोर मावशीला छडीने मारलं. ती पळाली नाही की उधळली नाही, मान खाली घालून उभी राहिली. मला वाटलं, आली वठणीवर. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा सरकली, मी पुन्हा मारलं. मग तो रोजचाच क्रम झाला.

शेवटी मी मालकांकडे गेले. मालक माझ्याहून वयाने लहान, पण तबेला त्यांचा. म्हटलं, "मावशी बिघडली. एखाद्या दिवशी कोणाला तरी पाडेल, मग निस्तरत बसा."

त्यांनी डोकं खाजवलं. "तुम्ही म्हणता म्हणजे झालंच. वीटभट्टीवाला कधीचा एक घोडं मागतोय. देऊन टाकू?"

भट्टीच्या गाड्याला जुंपलेलं घोडं किती दिवस टिकतं ते मला ठाऊक आहे. मालकांनाही ठाऊक आहे. मी म्हटलं, "द्या."

पोत्याला हे कळलं तेव्हा ते टोपी हातात धरून माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "बाई, लहान तोंडी मोठा घास होतोय, पण माझ्याशी ती नीट वागते हो."

"तुमच्याशी का नाही वागणार? पोतं वाहून न्यायला घोड्याला अक्कल लागत नाही," मी म्हटलं. आसपासचे हसले. ते मात्र या वेळी हसले नाहीत. टोपी डोक्यावर घालून निघून गेले.

याच दिवसांत घरी ताई एकदा म्हणाली, "अगं, तुझी एक चप्पल दारातच राहिली की." बघते तर डावा पाय अनवाणी. तशीच स्वयंपाकघरापर्यंत आले होते आणि मला पत्ता नव्हता. कंबर धरली की त्या पायाला मुंग्या यायच्या, मग पाय बधिर व्हायचा. ताई म्हणाली, दाखवून ये कोणाला तरी. मी म्हटलं, तुला दुसरं काम नाही का. वय झालं की पाय कुरकुरतात, त्यात दाखवायचं काय डोंबल?

विकण्याआधी जनावर तपासून घ्यायची मालकांची पद्धत आहे. त्यासाठी मंगळवारी सकाळी डॉक्टर आला. जनावरांचा डॉक्टर, लहानपणी माझ्याचकडे घोडा शिकलेला, म्हणून मी अजून त्याला अरे-तुरे करते. पोतं शिकवणीसाठी आले होते, त्यांच्या हातात मी मावशीचा दोर दिला. मालक अंगणात फोनवर बोलत होते.

डॉक्टरने डोळे पाहिले. मागे जाऊन टाळी वाजवली, तसा मावशीचा एक कान टाळीकडे वळला आणि दुसरा आमच्याकडेच राहिला. खूर पाहिले, सांधे वाकवून पाहिले. सगळं ठणठणीत. मग खोगीर काढून त्याने पाठीवरून दोन्ही हात फिरवले आणि थांबला. "बाई, इथे ती पाठ आवळून घेते. दुखणं वाटत नाही. कशाला तरी घाबरल्यासारखी करते. काही झालं होतं का?"

"काही नाही," मी म्हटलं. पोतं दोराकडे बघत राहिले. त्या रविवारी तेही कठड्यापाशी होते.

"तुम्ही बसा पाहू. खोगिराशिवाय बसा आणि बूटही काढा. जाड चामडं मधे असलं की नीट कळत नाही. काही करू नका, नुसत्या बसा. आधी कुठला स्नायू हलतो ते मी बघतो."

मी मोजे घालून मावशीच्या उघड्या पाठीवर बसले. डॉक्टर डाव्या बाजूला तिच्या बरगडीवर हात ठेवून उभा राहिला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग मावशी एक पाऊल उजवीकडे सरकली.

"बघ," मी म्हटलं. "बघितलंस ना?"

तो घोडीकडे बघतच नव्हता. "बाई, पाय ढिला सोडा."

"सोडलाय."

"डावा."

"अरे, सोडलाय म्हणते ना!"

त्याने नुसतं बोट दाखवलं. मी वाकून पाहिलं. माझी पोटरी आपोआप उडत होती. आतून गोळा वर यायचा, पाय बरगडीला दाबला जायचा, गोळा विरायचा. मला त्यातलं काही जाणवत नव्हतं. बुटामुळे कोणाला दिसतही नव्हतं. डॉक्टरने माझा घोटा धरून पाय घोडीपासून लांब केला. मावशी खांबासारखी उभी राहिली. त्याने पाय सोडला, पोटरी उडाली आणि मावशी उजवीकडे सरकली. त्याने पुन्हा पाय धरला, ती पुन्हा उभी. आणखी सांगायची गरजच नव्हती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी जे दोन महिने सांगत होते तेच ती करत होती. माझा पाय मला कळत नव्हता, तिला कळत होता. आणि तिने ऐकलं म्हणून मी तिला मारत होते, रोज, चारचौघांत.

इथे मी खाली उतरून मालकांना हाक मारली असती तर निदान तोंड दाखवायला जागा राहिली असती. मी काय केलं ते सांगते. मी वाकून डॉक्टरला हळूच म्हटलं, "अरे, घोडी थकलीय असं लिहून टाक ना. तिचं वय झालंच आहे. पाय गेला हे कळलं तर मला इथे कोण ठेवेल? मला दुसरं काही येत नाही रे."

रिकिबीत पाय कसा ठेवायचा हे मीच त्याला शिकवलं होतं. मान खाली घालून तो म्हणाला, "मी हात धुऊन येतो, बाई." आणि नळाकडे निघून गेला.

दोर धरून पोतं तिथेच होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. टाकून बोलले असते तर परवडलं असतं. फोन संपवून मालक आमच्याकडे यायला लागले तसा मी मनात जबाब तयार केला. म्हातारी झाली, नजर अधू झाली, असलं काहीतरी.

तेवढ्यात ते मला जाणवलं. पाठीवर खोगीर असतं तर कळलं नसतं. माझी पोटरी उडाली असणार, कारण माझ्याखाली मावशीची पाठ एकदम लाकडासारखी कडक झाली. मानेपासून शेपटापर्यंत तिने सगळं अंग आवळून घेतलं, श्वास धरला आणि मग पाऊल उचललं. आधी छडीची तयारी केली, मग उजवीकडे सरकली. मार बसणार हे तिला ठाऊक होतं आणि तरी ती सरकली. छडी आली नाही तशी हळूहळू पाठ सैल झाली. माझी पोटरी पुन्हा उडाली आणि तिने पुन्हा अंग आवळलं.

"काय म्हणतात डॉक्टर?" मालकांनी विचारलं.

मी म्हटलं, "घोडीला काही झालेलं नाही. माझा डावा पाय गेलाय. तो तिला सरक म्हणतो, म्हणून ती सरकते. भट्टीवाल्याला नाही म्हणून सांगा."

ते आधी माझ्या मोज्याकडे आणि मग मावशीकडे बघत राहिले. "म्हणजे त्या रविवारी तिला मारलंत ते?"

"उगाच मारलं."

"आणि नंतर रोज?"

"तेही उगाच."

मला वाटलं होतं, मालक चिडतील. ते अगदी हळू, म्हाताऱ्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "उतरा, बाई."

पण उतरायचं कसं? उतरताना डाव्या पायावर भार घ्यावा लागतो आणि तो पाय माझा राहिला नव्हता. दोर मालकांच्या हातात देऊन पोतं पुढे आले आणि त्यांनी मला कमरेला धरलं. मी पोटावर पालथी होऊन घसरत घसरत खाली यायला लागले, आणि त्या सगळ्या धडपडीत पाय तिच्या बरगडीला लागतच होता. मी जमिनीवर पोचेपर्यंत मावशी उजवीकडे सरकत राहिली, दर वेळी आधी पाठ आवळून, दर वेळी ऐकून.