काही ठिकाणी वादळी वारे

तमन्नाला हवामान सांगायला कुणी शिकवलं नव्हतं. प्रवरेकाठच्या एका संस्थेचं छोटं रेडिओ केंद्र होतं, आजूबाजूच्या दहापंधरा गावांत ऐकू जाणारं. तिथं ती बाजारभाव वाचायची. एकदा हवामान सांगणारे गुरुजी आजारी पडले आणि केंद्रावरच्या सुनीलनं त्यांचा कागद तिच्या पुढ्यात सरकवला. 'आकाश अंशतः ढगाळ राहील, पावसाची शक्यता नाही,' असं त्यावर लिहिलेलं. तमन्नानं एकदा कागदाकडं पाहिलं, मग माईककडं, आणि म्हणाली, "मंडळी, आभाळ उद्या रुसणार हाय. तोंड फुगवून बसंल, पण रडणार न्हाई. तेव्हा कुणी त्याची समजूत काढायला जाऊ नका, आपापली कामं करा."

सुनील काचेपलीकडं पोट धरून हसत होता. दुसऱ्या दिवशी सकाळपासून केंद्राचा फोन वाजत राहिला. गुरुजी बरे होऊन आले, पण लोकांना तमन्नाच हवी होती. तिथून 'उद्याचं आभाळ' हा कार्यक्रम तिचा झाला. दिवेलागणीला गोठ्यात, किराणा दुकानात, चहाच्या टपरीवर तिचा आवाज लागायचा. उन्हाळ्यात ती सांगायची, "ऊन जावयासारखं आलंय. आठवडाभर हलायचं नाव घेणार न्हाई. त्याला मान द्या, दुपारी त्याच्या समोर येऊ नका." थंडीत दव पडलं की द्राक्षवाल्यांची समजूत काढायची. हसवता हसवता नेमकं काय होणार तेही सांगायची, त्यामुळं तिच्यावर लोकांचा विश्वास होता.

रमीज तिला केंद्रावरच भेटला. कोल्हारला त्याचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. केंद्राचा इन्व्हर्टर बिघडला तेव्हा सुनीलनं त्याला बोलावून घेतलं. इन्व्हर्टर तासाभरात सुरू झाला, पण रमीज कार्यक्रम संपेपर्यंत तिथंच बसून राहिला. पुढं काही ना काही निमित्तानं येत राहिला. कमी बोलणारा, तिच्या प्रत्येक गमतीला मान खाली घालून हसणारा. दोन-अडीच वर्षं असं चाललं. तमन्नाच्या आईला, शरिफाला, सगळं ठाऊक होतं आणि तिची ना नव्हती. रमीजच्या वडिलांना, मुजफ्फरचाचांना, तर मुलगी आधीपासून माहीत होती. ते पेरूच्या बागेत रेडिओ झाडाला अडकवून तिचं हवामान ऐकत. घरात सगळे दखनी उर्दू बोलायचे, पण तमन्नाशी मात्र चाचा कायम मराठीत बोलत. रेडिओवरची पोर म्हणजे मराठीच, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं.

लग्नाला नकार रमीजच्या अम्मीकडून आला. त्यांना मुलीत खोट दिसली नाही, घराण्यातही नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की जिच्या आवाजावर टपरीवरची माणसं टाळ्या देतात ती आमच्या घरात सून म्हणून नको. कार्यक्रम सोडते का, असंही त्यांनी विचारून पाठवलं नाही. विषय तिथंच संपवला.

रमीजनं हे तिला प्रवरेच्या पुलावर सांगितलं. मोटारसायकल कडेला लावून तो कठड्याला टेकला होता आणि खाली नदीतल्या वाळूकडं बघत होता. अम्मीचं मन मोडता येत नाही, असं काहीतरी तो बोलत होता. तमन्नानं त्याला विचारलं, की तू अम्मीला काय म्हणालास? तो म्हणाला, मी काय म्हणणार. त्या संध्याकाळी कार्यक्रमात तिनं गारठ्यावर गोष्ट रचून सांगितली आणि लोक नेहमीसारखे हसले. घरी आल्यावर ती भिंतीकडं तोंड करून पडली. शरिफा उशाशी बसून तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. दोघींपैकी कुणी जेवलं नाही.

रमीजचं लग्न मे महिन्यात ठरलं. मुलगी पारनेर तालुक्यातली, आलिया नावाची. शनिवारी मुलीच्या गावी निकाह आणि रविवारी दुपारी कोल्हारला वलीमा, म्हणजे मुलाकडचं जेवण. घरामागच्या मोकळ्या रानात मोठा मांडव घालायचा होता. तमन्नाला ही खबर सुनीलकडून कळली. त्यानं ती सांगितली आणि लगेच दुसरीकडं बघत तारा गुंडाळायला लागला.

लग्नाच्या आठवड्याचा हवामानाचा अंदाज वाचताना तमन्नाचे हात थांबले. रविवारी जिल्ह्यात काही ठिकाणी विजांसह वादळी वारे आणि हलका पाऊस. तिनं ते दोनदा वाचलं. मग माईकपुढं बसली आणि नेहमीच्या सुरात सांगितलं, "रविवारी वाऱ्याच्या अंगात येणार हाय. कुणाकडं येईल ते त्यानं अजून ठरवलेलं न्हाई. पण ज्यांनी पत्रे नुसते दगड ठेवून बसवलेत, मांडव सुतळीनं बांधलेत, त्यांनी जरा सावध रहा. बोलावलं न्हाई म्हणून न येणाऱ्यांतला तो न्हाई."

कार्यक्रम संपतो न संपतो तोच मुजफ्फरचाचांचा फोन आला. नकारानंतर ते पहिल्यांदाच बोलत होते. आधी बराच वेळ पेरूच्या बागेचं बोलले. मग म्हणाले, "पोरी, रविवारी आमच्याकडं जेवान हाय. तुला ठावं असंलच. मैदानात मांडव घालू का नको?"

तमन्नानं डोळे मिटून घेतले. अंदाज 'काही ठिकाणी'चा आहे, तुमच्याकडं काही होणारही नाही, असं म्हणून ती सुटू शकली असती. पण चारशे माणसं, उंच मांडव, लोखंडी खांब, त्याखाली बायाबापड्या नि लेकरं. असा मांडव उडून माणसं जखमी झाल्याची बातमी तिनं याच माईकवरून मागच्या वर्षी वाचली होती.

"मैदानात नका घालू, चाचा. पक्क्या छपराखाली घ्या," ती म्हणाली.

"तू म्हनतीस तसं करतो," चाचा म्हणाले, आणि फोन ठेवला.

घरात त्यावरून भांडण झालं, हे तिला नंतर कळलं. अम्मी म्हणाल्या, तिला कसं बघवेल, ती जळते म्हणून असं बोलते. पण चाचा पहिल्यांदाच बायकोसमोर अडून बसले. मे महिना, सगळी मंगल कार्यालयं कधीच ठरून गेलेली. शेवटी नात्यातल्या एकाचं खताचं गोदाम धुऊन घेतलं आणि तिथं जेवणाच्या पंगती मांडल्या.

रविवारी सकाळपासून तमन्ना अंगणात येऊन आभाळाकडं बघत होती. दुपारपर्यंत एक ढग नव्हता. दुपार टळली तेव्हा दक्षिणेला, लांब, काळी रेघ दिसली. ती तिथंच वाढत राहिली, मग पुसट झाली. कोल्हारवर झाडाचं पान हललं नाही. स्वच्छ निळं आभाळ, नुसतं ऊन. त्या उन्हात पत्र्याच्या गोदामाची भट्टी झाली. वीज गेली तेव्हा पंखे बंद पडले. बिर्याणीच्या वाफेत खताचा वास मिसळला. रमीजच्या एका म्हाताऱ्या मावशीला चक्कर आली, तिला बाहेर झाडाखाली नेऊन निजवावं लागलं. निम्मे पाहुणे हात धुऊन न थांबता निघून गेले. अम्मी सगळ्यांदेखत रडल्या.

हे सगळं तिला शेजारणीकडून संध्याकाळपर्यंत कळलंच. ती ऐकून घेत होती. तिला वाईट वाटत होतं, पण अंदाज आहे, चुकतो, एवढंच तिच्या मनात होतं. मग फोन वाजला. रमीजचं नाव होतं. पुलावरच्या त्या दिवसानंतर त्यानं एकदाही फोन केला नव्हता. तिला वाटलं, चाचांना काही झालं की काय.

पलीकडं तोच होता. त्यानं हळू आवाजात विचारलं, "तू जान के बोली क्या?"

तिला आधी प्रश्न कळला नाही. कळला तेव्हा ती उंबऱ्यावर बसली. आजवर ती त्याला भित्रा म्हणत आली होती. आईपुढं तोंड न उघडणारा, पण आपल्याला ओळखणारा. कार्यक्रम संपेपर्यंत बसून आपला एकेक शब्द ऐकणारा. तो नाही म्हणाला तेव्हाही मनाच्या एका कोपऱ्यात तिनं हे जपून ठेवलं होतं, की एक माणूस आपल्याला आतून बाहेरून जाणतो. तोच आज विचारत होता, की माझं जेवण नासावं म्हणून तू खोटं बोललीस का.

"नहीं," ती म्हणाली. तो आणखी काही म्हणेल म्हणून थांबली. मग तिनंच फोन बंद केला.

त्या रात्री ती रडली नाही. शरिफा सारखी तिच्या तोंडाकडं बघत होती, कारण रडणारी तमन्ना तिला सांभाळता येत होती, ही गप्प बसलेली नाही. तमन्ना त्या दिवशीचं बोलणं मनात पुन्हा पुन्हा ऐकत होती. मैदानात नका घालू. दुसऱ्या कुणाचं जेवण असतं तर मी हेच म्हणाले असते का? म्हणाले असते. मग जरा वेळानं पुन्हा तोच प्रश्न. त्यानं विचारलं म्हणून आता तिचं तिलाही विचारावं लागत होतं, आणि याचाच तिला सगळ्यांत जास्त त्रास होत होता.

सोमवारी सुनील म्हणाला, आज मी वाचतो, तू घरी जा. ती नाही म्हणाली. माईक सुरू झाला तसं तिनं घसा साफ केला.

"मंडळी, काल मी वारं येणार म्हणाले होते आणि कोल्हारात साधी धूळसुद्धा उठली न्हाई. माझ्या भरवशावर ज्यांनी मांडव हलवला, घामाघूम झाले, त्यांची मी माफी मागते. वारं आलं, पण पारनेरकडं गेलं. तिकडं लोकांच्या घरांवरचे पत्रे उडाले, वखारीतला कांदा भिजला. म्हणजे आपण वाचलो म्हणून हसायची सोय न्हाई. आता पुढच्या चार दिवसांचं ऐका. ऊन काही माघार घेत न्हाई. रात्री जरा झुळूक सुटंल, ती फुकट हाय, अंगणात खाट टाकून तेवढी पदरात पाडून घ्या."

मग श्रोत्यांचे फोन घ्यायची वेळ झाली. पहिला फोन लोणीच्या एका दूधवाल्याचा होता. दुसऱ्या फोनवर एक कोवळा, अनोळखी आवाज आला.

"मी कोल्हारवरून बोलते. इथं नवीन हाय मी, परवाच लग्न झालं माझं. आमचे सासरे तुमचा कार्यक्रम लावतात. मला इतकं हसू आलं."

काचेपलीकडं सुनीलनं बटणावर हात नेला, फोन तोडू का म्हणून. तमन्नानं मान हलवून नको म्हटलं.

"बोला," ती म्हणाली.

"माझं माहेर पारनेरकडचं. काल अब्बू-अम्मी इकडं जेवायला आले होते, तिकडं मागं घरावरचे पत्रे गेले. घरात कुणी नव्हतं म्हणून बरं. आता अब्बू नवीन पत्रे टाकणारेत. तर ताई, वारं परत येईल का तिकडं? तुमचं केंद्र तिथं लागत न्हाई, म्हणून मीच विचारून सांगते म्हणाले."

तमन्नानं समोरचा अंदाज उचलला. तो टेबलावर ठेवून तळहातानं सपाट केला आणि पारनेरची ओळ नीट वाचली. मग सांगितलं, की बुधवारपर्यंत आभाळ मोकळं आहे, तेवढ्यात काम उरकून घ्या. गुरुवारी दुपारनंतर पुन्हा वारा सुटू शकतो. पत्रे नुसते दगड ठेवून बसवू नका, हूक लावून घट्ट आवळा. आणि अब्बूंना म्हणावं, वर चढताना खाली शिडी धरायला माणूस ठेवा.

"सांगते," आलिया म्हणाली. "खरं होईल ना पण? काल चुकलं होतं म्हणाला तुम्ही."

"काही ठिकाणी म्हणतात तेव्हा कुठं ते कुणालाच ठाऊक नसतं," तमन्ना म्हणाली. "मला जेवढं दिसतं तेवढं मी खरं सांगते."

"मला माहितेय. आमचे सासरे पण तेच म्हणतात," आलिया हसत म्हणाली. मागं कुणीतरी तिला हाक मारली. तिनं गडबडीनं विचारलं, "ताई, तुमचं नाव काय?"

तमन्नानं नाव सांगितलं.

"लई छान नाव हाय," आलिया म्हणाली, आणि शुक्रिया म्हणून फोन ठेवला. पुढचा फोन वाजत होता. सुनील थांबला होता, तिच्याकडं बघत. तमन्नानं ओढणीच्या टोकानं चेहरा पुसला आणि त्याला खूण केली, की घे.