रोवणीच्या पायांवरचा फेस

भाताची रोवणी आटोपत आली होती आणि गावच्या समाजमंदिरापुढे पाय धुवून घ्यायला ही गर्दी! बांधावरून थेट उठून आलेल्या बाया, गुडघ्यावर धोतर खोवलेले म्हातारे, कडेवरची पोरं. पुढे पितळी परात आणि तिच्यामागे पांढऱ्या कोटावर रुद्राक्षाची माळ घातलेले प्राणशुद्धी महाराज. अर्धे डॉक्टर, अर्धे बाबा. कोणतंच गिऱ्हाईक हातचं जायला नको ना!

"तुमच्या एकेका पेशीत भट्टी आहे, माझ्या लेकरांनो!" महाराजांनी हात उंचावले. "सायन्स तिला मायटोकॉन्ड्रिया म्हणतं, ऋषी तिला प्राणाग्नी म्हणत. ही भट्टी ऑक्सिजन खाते आणि विष ओकते! त्यात कारखान्याच्या गोळ्या टाकाल, तर आणखी भडकेल. विष दाखवू?"

"दाखवा, महाराज!"

मंगलीबाईनं परातीत पाय ठेवला. महाराजांनी काळपट बाटलीतून प्राणजल सोडलं, आणि बोटांच्या बेचक्यांतून पांढराशुभ्र फेस फसफसून वर आला. "अगं माय!" बायांचा एकच गलका. मंगलीबाईला रडू फुटलं. एवढं विष अंगात ठेवून ही बाई सुनेलाच कडू म्हणत होती, असं मागं उभ्या चंदाबाईच्या मनात येऊन गेलं.

चंदाबाई तलावातली मासोळी कापून विकणारी. कल्ले उचलून आतला लाल रंग पाहिल्याशिवाय ती नवऱ्यानं आणलेली मासोळीसुद्धा टोपलीत घेत नसे. तिच्या पायांवर प्राणजल पडलं आणि नुसतंच वाहून गेलं. फेस नाही की बुडबुडा नाही.

"बाई, तुम्ही पुण्यवान!" महाराज म्हणाले.

"मी?" चंदाबाईनं डोळे बारीक केले. "अजी महाराज, मी रोज सकाळपासून मासोळ्याच कापून राह्यली. पुण्यवान कधी झाली?"

लोक हसले. महाराज हसले नाहीत, त्यांनी लगेच पुढच्या बाईला बोलावलं. तेवढ्यानंच चंदाबाईच्या मनात पाल चुकचुकली.

तिचा नवरा खुशाल मात्र पुरता भारला होता. त्यांची लेक पुनम सिकलसेल या रक्ताच्या जन्मजात आजाराची पेशंट. दुखणं उठलं की पोरगी हाडं धरून किंचाळायची, आणि तिला उचलून दवाखान्यात पळणारा खुशालच असायचा. सरकारी गोळ्या चुकल्या नाहीत तर ती बरी राहायची, पण जन्मभर गोळ्या या विचारानंच बाप खचला होता. यंदा पुनम आईचं न ऐकता मैत्रिणींसोबत रोवणीला गेली. परातीत तिच्या पायांवर असा काही फेस आला की खुशालनं कपाळाला हात लावला.

मग दर बाजाराच्या दिवशी बापलेकीची वारी सुरू झाली. फेस कमी कमी होत गेला आणि रोवणी संपल्यावर एक दिवस आलाच नाही. महाराजांनी पुनमच्या कानात काहीतरी सांगितलं, डोक्यावर हात ठेवला. खुशालनं घरी येऊन गोळ्यांची पाकिटं तलावात भिरकावली.

"विषच नाई राह्यलं, तं गोळ्या कायले?"

"अजी, सिकलसेल रगतात राह्यते, पायाच्या बोटात नाई!" चंदाबाई कडाडली.

"तुले काय समजते? फेस गेला ते मी ह्या डोळ्यानं पायलं! पुनम, दुखते का तुले?"

"नाई बाबा," पुनम म्हणाली.

पण उठताना ती भिंत धरत होती. डोळ्यांत पिवळेपणा उतरला होता. आई ते पाहत होती आणि आतल्या आत जळत होती. खुशालला दवाखान्याचं नाव काढलेलं खपत नव्हतं, आणि पोरगी तर काही सांगायलाच तयार नव्हती.

खुशालनं विकत आणलेली प्राणजलाची बाटली एका सकाळी चंदाबाईनं देवळीतून उतरवली. बघू तरी वास कसा येतो! झाकण ढिलं होतं; बाटली कलंडली आणि पाणी पडलं नुकत्याच कापलेल्या मरळीवर. मासोळीच्या रक्तावर फेस! तसाच पांढरा, तसाच फसफसता.

"बाप्पा! ह्या मासोळीले कोणतं पाप लागलं?"

पदराखाली बाटली धरून ती गावातच राहणाऱ्या संघप्रिया मॅडमच्या घरी गेली. मॅडम सावली गावच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्यांनी कच्च्या बटाट्याच्या चकतीवर थोडं पाणी टाकलं. तिथंही फेस!

"चंदाबाई, हे हायड्रोजन पेरॉक्साइड दिसते. दवाखान्यात जखम धुवाले वापरतात ते. कच्च्या रक्तामांसाले, कच्च्या बटाट्यालेही लागलं की फेसाळते. आता मले सांगा, तुमच्या पायाले काऊन नाई फेसाळलं?"

चंदाबाई आपल्या पायांकडे पाहत राहिली. मग एकदम म्हणाली, "मी रोवणीले गेलीच नाई! चिखलात उभं राहून बोटं फुटतात, त्या चिखल्या माह्या पायाले कुठी हायेत?"

पुढच्या बाजाराच्या दिवशी महाराज हात उंचावतात न उंचावतात तोच चंदाबाईनं परातीत दोन तुकडे ठेवले. एक कच्च्या मरळीचा, एक शिजवलेला. कच्च्यावर तिनं प्राणजल ओतलं. फेस उसळला.

"मुक्या जिवांतही विष असतं, माई!" महाराज सावरून म्हणाले.

चंदाबाईनं शिजवलेल्या तुकड्यावर ओतलं. काही नाही.

"मंग ह्यातलं विष कुठी गेलं, महाराज? माह्या चुलीनं काढलं? तसं असंल तं बाटली कायले घ्याव, चूलच पुजतो आमी!"

समाजमंदिर हसण्यानं दणाणलं. महाराज बाटल्या पेटीत भरायला लागले, तशा मॅडम पुढे आल्या.

"थांबा, महाराज. तुम्ही अर्धं खरं सांगितलं, उरलेलं मी सांगते. पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात. अन्न आणि ऑक्सिजन वापरून त्या आपल्याले ताकद देतात. चुलीतून ठिणगी उडते ना, तसा थोडा ऑक्सिजन त्या कामात बिथरतो आणि दिसंल त्याले झोंबतो. त्याच्यापासून अंगात हे पेरॉक्साइडसुद्धा बनते, अगदी जरासं. थोडं तं शरीराच्या कामाचंही असते. जास्तीचं मोडाले पेशीतच कॅटलेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, असते. ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करते. तो फेस म्हणजे ऑक्सिजनचे बुडबुडे! विष बाहेर येत नव्हतं. बाटलीतलं औषध तुमच्या रक्तामांसावर पडून मोडत होतं. शिजवलं की विकर नासते, म्हून फेस नाई. रोवणीत तुमच्या बोटांमधली कातडी फुटली, तिथी फेस आला. रोवणी संपली, पाय वाळले, चिखल्या भरल्या, फेस थांबला. महाराज नसते आले तरी थांबलाच असता!"

सगळ्यांनी खाली आपापल्या पायांकडे पाहिलं. मंगलीबाईनं तर वाकून बोटं फाकवून पाहिली.

खुशाल मात्र हट्टाला पेटला होता. "ते असंल मॅडम, पण माह्या पोरीचं दुखणं तं गेलं ना?"

"पोरीले विचारा," चंदाबाई म्हणाली. "इथी, सगळ्यायसमोर विचारा."

पुनम खांबाला टेकून उभी होती. तिनं बापाकडे पाहिलं, महाराजांकडे पाहिलं, आणि तिचा बांध फुटला.

"बाबा, लई दुखून राह्यलं. हाडं फुटून राह्यली. महाराज म्हणाले, दुखते म्हटलं तं ते विष बापाच्या अंगात जाईन. म्हून मी नाई सांगतलं."

खुशाल ताडकन पुढे झाला, आणि लोकांना वाटलं आता हा महाराजांचा गळाच धरतो. पण त्याला महाराज दिसतच नव्हते. त्यानं लेकीला लहानपणी उचलायचा तशी दोन्ही हातांवर उचललं आणि "ऑटो काढा रे कोणी!" म्हणून ओरडत रस्त्याकडे धावला. महाराजांना मग गावानंच पोलीस येईस्तोवर बसवून ठेवलं, आणि पेटीही सोडली नाही.

पुनमवर वेळेत उपचार झाले, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. ते ऐकून खुशाल पलंगाची दांडी धरून ढसाढसा रडला.

मंडळी, अख्ख्या गावानं महाराजांना विचारलं, बाटलीला विचारलं, फेसालाही विचारलं. जिचं दुखत होतं तिला घरात विचारलं, तेही "नाही" हेच ऐकायचं आहे अशा आवाजात. चमत्कार दाखवणारा कोणीही येवो, तो कशानं होतो ते विचारा, आपल्या हातानं करून पाहा आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय कोणाचीही गोळी बंद करू नका. आणि आजाऱ्याला "दुखते" म्हणायची भीती घालणारा माणूस दिसला, तर त्याला गावात पाय ठेवू देऊ नका.