अक्काला सांगायचं आकाश

दिवेलागणीला देवापाशी निरांजन लावलं की मी येवल्याला अक्काला फोन करते आणि आजच्या आकाशाचा रंग सांगते. दीड वर्षापूर्वी काचबिंदूने तिची दृष्टी पूर्ण गेली, तेव्हापासूनचा हा नेम. तसे माझे नेम पुष्कळ आहेत, तुळशीचं पाणी, गुरुवारचा उपास. पण पलीकडून कुणी उत्तर देतं असा हा एकच. सुधन्वा आणि सूनबाई ऑफिसातून आठला येतात, दमलेले. नात स्वरूपा घरात असते, कानात इअरफोन घालून.

अक्काला नुसतं निळं म्हटलेलं चालत नाही. आमचे आबा रंगारी, पैठणीचं रेशीम रंगवायचे. त्यांच्याकडे हिरवा असा रंगच नव्हता. पोपटी होता, शेवाळी होता, चिंचेच्या कोवळ्या पाल्याचा होता. लडीवर नवीनच रंग उतरला की ते आम्हा दोघींना बाहेर पिटाळायचे. "नाव तोंडात नको, हातात आणा." मग अक्का जवसाचं फूल आणायची, मी पारव्याचं पीस. लडीशेजारी धरून जे जुळेल, ते त्या रंगाचं नाव.

यंदा कार्तिक लागला आणि दिल्लीत आमच्या आर. के. पुरमवर धूर बसला. समोरचा ब्लॉकही धड दिसेना. पहिल्या दिवशी मी स्वरूपाला गॅलरीत बोलावलं.

"हा कुठला रंग म्हणायचा गं?"

"ग्रे, आजी. और क्या?" म्हणून ती आत गेली.

असलं आकाश अक्काला काय द्यायचं? मी सांगितलं, आज केशरी. दुसऱ्या दिवशी अबोली, मग डाळिंबी. असे आठ दिवस. कार्तिकात खोटं बोलायचं नाही हाही माझा नेमच, आणि मी निरांजनासमोर उभी राहून बोलत होते.

नवव्या दिवशी म्हटलं, "आज गुलबक्षी."

"नंदे, मघाशी अंबादासने बातम्या लावल्या होत्या," अक्का म्हणाली. अंबादास तिचा मुलगा. "धुरापायी तुमच्याकडे शाळा बंद आहेत म्हणे. तू गुलबक्षी कुठल्या दुकानातून आणलीस?"

मी निरांजनाची वात सारखी केली.

"एवढे उपास करतेस आणि आंधळ्या बहिणीला फसवतेस होय गं?" ती हसत होती. मग हसू थांबलं. "तू खरं सांगितलं असतंस तरी तेच. दसऱ्यापासून मला केशरी आठवतच नाही. तू नाव घेतेस ते ऐकू येतं, पण आत काही उजळत नाही. उद्यापासून नको करत जाऊस फोन. तुझाही वेळ जातो."

माझा वेळ. उद्या निरांजन लावून झाल्यावर मी त्या वेळेचं काय करणार होते?

"थांब, ठेवू नकोस," म्हटलं आणि गॅलरीत गेले. नऊ दिवसांत पहिल्यांदाच वर नीट बघितलं. मग देव्हाऱ्यातल्या उदबत्तीची राख बोटावर घेतली, पुन्हा बाहेर येऊन आकाशाशेजारी धरली. जुळली.

"अक्का, देवापाशी जा."

"आत्ता कशाला?"

"जा तर."

भिंत चाचपत गेल्याचा आवाज आला. तिचा धक्का लागून घंटा किणकिणली.

"उदबत्तीच्या घराखाली राख असेल. चिमटीत घे."

"घेतली."

"ते आजचं आकाश."

 

"किती हलकं आहे गं," ती म्हणाली. "बोटात आहे की नाही तेही कळत नाही. अख्ख्या दिल्लीवर हेच?"

"हेच."

"बरं. उद्या फोन कर, मी इथंच बसते. जे आणायला सांगशील ते अंबादासकडून आणवून ठेवते." मग थोडं थांबून तिनं विचारलं, "आणि त्या आकाशाखाली तू एकटीच असतेस का?"

"सुधन्वा येईल ना आठला."

"नंदे."

माझ्या बोटावरची राख तशीच होती.

"एकटीच," मी म्हटलं.