ओढ्याकाठची रेघ

सावळाबाबांनी नकाशा रंजनाच्या दुकानातल्या टेबलावर उलगडला. एका कोपऱ्यावर स्टेपलर ठेवला, दुसऱ्यावर तिचा चहाचा कप, आणि उरलेले दोन कोपरे स्वतःच्या तळहातांनी दाबून धरले. मग ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

नकाशा रंजनाच्याच हातचा होता. बाबांच्या मोखाड्याकडच्या पाड्याने सामूहिक वनहक्काचा दावा लावला होता. पाड्यातल्या माणसांनी रानात फिरून हाताने काढलेला कागद तिने स्कॅन केला होता, कॉम्प्युटरवर रेघ न रेघ पुन्हा ओढली होती आणि फाइल छपाईसाठी नाशिकच्या एका प्रेसला पाठवली होती. गुरुवारी सुनावणी. आज सोमवार.

"ओढ्याकाठची पट्टी कुठं गेली, बाय?"

रंजना वाकली. देवाची जागा होती, गुरं चारायचा माळ होता, दोन्ही झरे होते. ओढ्याच्या पलीकडे, बांबूच्या बेटांना वळसा घालून जाणारी हिरवी हद्द मात्र नव्हती. तिथे नुसता पांढरा कागद होता.

तिने घाईघाईने फाइल उघडली. स्क्रीनवर रेघ जिथल्या तिथे होती. बाबा स्टूल ओढून तिच्या मागे बसले.

"इथं हाय. कागदावर नाय. मग वाटेत कोणी काढली?"

तिने प्रेसला फोन लावला. फाइल येते तशी आम्ही छापतो, उघडून बघायला वेळ कुणाला आहे, असं तिकडच्या माणसाने सांगितलं. हे बाबांनी ऐकलं. मग, जणू हेच विचारायला ते पहाटेची जीप धरून जव्हारला आले होते, अशा आवाजात त्यांनी विचारलं, "तुझा दीर फॉरेष्टात गार्ड हाय ना?"

रंजनाने मान डोलावली. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. नवरा गेला तेव्हा तिला कॉम्प्युटर चालू कसा करतात तेही ठाऊक नव्हतं. ह्याच दिराने, तुषारने, नाशिकहून जुना कॉम्प्युटर आणला होता. त्याचा तो जड मॉनिटर एसटीत मांडीवर घेऊन तो जव्हारपर्यंत बसून आला होता. त्या गोष्टीला चौदा वर्षं झाली. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, श्रद्धांजलीचे फलक, पासपोर्टचे फोटो यांवर तिचं घर चाललं. 'भाऊजी नसते तर' हे वाक्य तिने आजवर कितीकांना ऐकवलं होतं.

पण बाबांनी विचारलं आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. फाइल पूर्ण केली त्या बुधवारी तुषार फोटो काढून घ्यायला आला होता. ती आत चहा टाकायला गेली तेव्हा तो ह्याच खुर्चीवर बसला होता. किती वेळ? पाच मिनिटं? दहा? आणि ओढ्याकाठच्या त्याच पट्टीवरून त्याच्या खात्याचं आणि पाड्याचं वाजलं होतं, हे तर साऱ्या तालुक्याला ठाऊक होतं.

बाबांची नजर तिच्या पाठीवर होती. तिने त्यांच्यासमोरच फोन लावला.

"भाऊजी, बुधवारी तुम्ही माझ्या कॉम्प्युटरला हात लावला होता का? त्या नकाशाला?"



"मी नुसता बसलो होतो, वहिनी," तुषार म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

रंजना पुन्हा स्क्रीनकडे वळली. काहीतरी करायचं म्हणून ती नकाशा मोठा करत गेली. बाकीच्या हद्दी दोरीसारख्या जाड होत गेल्या. ओढ्याकाठची रेघ कितीही जवळ नेली तरी केसाएवढीच राहिली. तिने रेघेवर क्लिक केलं, खाली बघितलं. जाडीच्या रकान्यात आकडाच नव्हता.

ती पट्टी पाड्यातल्या बायकांनी सगळ्यात शेवटी सांगितली होती. रंजनाने ती घाईत ओढली आणि जाडी द्यायची राहून गेली. असली रेघ स्क्रीनवर नेहमी दिसते, पण मोठ्या कागदावर मशीन तिला जेमतेम ठिपक्याएवढी शाई देतं. त्यात रंग फिका हिरवा. दुकानात काम शिकायला येणाऱ्या नव्या पोरांना ती स्वतः हेच बजावून सांगायची.

प्रेसचं नाव घेऊन मोकळं होता आलं असतं. बाबांना त्यातलं काही कळलं नसतं.

"बाबा, कोणी काढली नाही. माझीच चूक झाली." आणि तिने त्यांना सगळं दाखवलं.

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "एवढी मोठी कागदं केलीस. चूक आमच्याच पट्टीत कशी झाली?"



तिने रेघ जाड केली, रंग गडद केला. मग एकेक करून बाकीच्या सगळ्या रेघा तपासल्या. तेवढाच भाग खऱ्या मापात साध्या कागदावर छापून बाबांच्या हातात दिला. ते कागद घेऊन बाहेर उन्हात गेले, रेघेवरून नख फिरवून परत आले. नकाशाखाली रानात फिरलेल्या माणसांची नावं होती. ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर बिघडू नयेत म्हणून तिने सगळ्या अक्षरांच्या आकृत्या केल्या. आकृती झाली की अक्षर बदलता येत नाही, म्हणून त्याआधी प्रत्येक नाव बाबांनी तिला मोठ्याने वाचायला लावलं. सरू, ढवळू, माघ्या, जिवा, रुपी. शेवटी, कोपऱ्यात बारीक अक्षरांत, नकाशा तयार करणारीचं.

"हे काढ," बाबा म्हणाले.

तिने काढलं.

फाइल मेलने पाठवू नको, असं त्यांनी बजावलं. पेनड्राइव्ह बंडीच्या आतल्या खिशात ठेवून ते स्वतः नाशिकच्या गाडीत बसले. बुधवारी नवा नकाशा आला. सुनावणीत साहेबांनी ओढ्याकाठच्या पट्टीवर बोट ठेवून तीन प्रश्न विचारले आणि सरूने तिन्हींची उत्तरं दिली, असं रंजनाला बाजारात कळलं. निकाल लागायचा होता, पण पट्टी मोजणीत धरली गेली. बाबा पुन्हा दुकानात आले नाहीत.

तुषारला तिने त्या सोमवारी संध्याकाळीच फोन करून माफी मागितली. "तसं काही नाही, वहिनी," तो म्हणाला. पुढेही तो तसंच म्हणत राहिला. गणपतीत घरी आला, स्वतःच्या मुलीच्या निकालाला पेढे घेऊन आला. दुकानात येणं मात्र त्याला जमेना. कधी ड्यूटी असायची, कधी गाडी सुटायची असायची.

दिवाळीआधी एका दुपारी तो तिला दुकानासमोरच्या एसटी स्टँडवर उभा दिसला. हातात पिवळं पाकीट होतं. नाक्यावरचा दुसरा फोटोवाला फोटो घालून देतो तसलं. त्याची नजर वर आली, तिच्या दुकानाच्या दारावर थांबली, आणि पाकिटाचा हात हळूच पाठीमागे जाऊ लागला.

रंजनाने मान खाली घातली आणि समोरच्या लग्नपत्रिकेतलं नाव, बरोबर असूनही, ती पुन्हा एकदा वाचू लागली. गाडी निघून गेल्याचा आवाज येईपर्यंत तिने मान वर केली नाही.