टॉवरचं अपडेट

"दादा, वर ये ना जरा. नवीन राउटर लावलाय," धाकट्याने जिन्यावरून हाक मारली, तेव्हा दादा स्टुलावर चढून स्वतःच्या राउटरचे अँटेना फडक्याने पुसत होता.

"येतो," तो म्हणाला, आणि आधीच लख्ख असलेले अँटेना आणखी बराच वेळ पुसत राहिला.

दादा लिफ्टच्या कंपनीत स्टोअरकीपर होता. दिवसभर नटबोल्ट आणि पुल्या मोजून द्यायच्या नि मोजून घ्यायच्या. तिथे त्याला कुणी फारसं विचारत नसे. पण घरात त्याचा रुबाब होता. नेट गेलं की वरच्या मजल्यावरून धाकटा, मागच्या खोलीतून आई, स्वयंपाकघरातून बायको, सगळे एका सुरात ओरडत, "दादा, नेट!" शेजारी तर त्याला टॉवरच म्हणत. तो वरवर चिडायचा आणि आतून फुगायचा. करायचा काय, तर राउटर बंद करून पुन्हा चालू करायचा. पण चेहरा असा, की बघणाऱ्याला वाटावं, मोठं ऑपरेशन चाललंय.

राउटर मात्र म्हातारा झाला होता. वरच्या मजल्यावर नेट धापा टाकत पोचायचं, आईच्या खोलीत तर रांगत जायचं. "नवीन घेऊ या, दादा. निम्मेनिम्मे," असं धाकट्याने कितीदा तरी सुचवलं.

"थांब रे. राउटरची कंपनी नवीन फर्मवेअर काढतेय. आतला प्रोग्रॅमच बदलणार. मग बघ, हाच डबा कसा पळतो ते. सिग्नल थेट मागच्या भिंतीपर्यंत!"

दादाने हे मोबाइलवर वाचलं होतं आणि त्यावर त्याची श्रद्धा बसली होती. रोज सकाळी चहाच्या आधी तो अपडेट आलं का बघायचा. अपडेट येत नव्हतं, राउटरचे भाव मात्र चढत होते. "आतल्या चिपा महागल्यात, साहेब. आज घ्या, उद्याचं माझ्या हातात नाही," दुकानदार म्हणाला. दुकानदार असंच बोलतात, म्हणून दादा घरी आला. धाकट्याने मात्र जाऊन नवा राउटर घेऊन टाकला, आणि पुढच्याच आठवड्यात भाव दीडपट झाला. म्हणजे थांबायचं दादाने आणि साधायचं धाकट्याने.

त्या दिवशी अँटेना पुसून झाल्यावर दादा शेवटी वर गेला. पांढराशुभ्र, पालथ्या वाडग्यासारखा डबा.

"याला अँटेना नाहीत?"

"आतच असतात म्हणे."

"हं. बरा आहे," दादा म्हणाला. बरा कसला, झकास होता. दादाच्या पोटात दुखलं, आणि त्यावर औषध मागायचं तरी कुणाकडे?

एवढ्यावर भागलं असतं तरी त्याने गिळलं असतं. पण आईची खोली नेमकी त्या डब्याच्या खाली. धाकट्याने आईच्या टॅबलाही आपलं नेट जोडून दिलं. आई रोज दुपारी दूरदेशीच्या मावशीशी बोलायची, दोघी बहिणी एकमेकींना बघून घ्यायच्या. आता ती येईल त्याला कौतुकाने सांगू लागली, "हिच्या कपाळावरची आठीसुद्धा दिसते हो! धाकट्याने काय केलं कोण जाणे."

दादा कामावरून आला की मुद्दाम विचारायचा, "आज नेट कसं होतं, आई?"

"छान होतं की. धाकट्याचं आहे ना ते."

ज्या आईसाठी तो मागची भिंत पार करणारं अपडेट रोज शोधत होता, तिने त्याच्या उंबऱ्याच्या आत बसून धाकट्याचे गोडवे गावेत! जेवताना धाकट्याचा हसरा चेहरा समोर आला तरी दादाचा घास तोंडातच फिरायचा. सख्ख्या भावाबद्दल असं वाटावं याची त्याला लाज वाटे. लाज वाटूनही जळायचं काही थांबत नव्हतं.

आणि एका रविवारी सकाळी अपडेट आलं. दादाने श्वास रोखून बटण दाबलं. दिवे लुकलुकू लागले.

"झालं का बाळंतपण?" बायकोने जाताजाता विचारलं.

"शू! वायरला धक्का लावू नकोस."

झालं. कंपनी खोटं बोलली नव्हती. आईच्या खोलीत आता त्याचाही सिग्नल भरभरून येत होता. पण आईचा टॅब त्याच्याकडे ढुंकून बघेना, त्याला वरच्याची सवय. 'आई, आता माझं नेट लाव' असं म्हणायला दादाची जीभ रेटेना. मागून घ्यायचं, म्हणजे मग राहिलं काय? त्याने वेगळीच शक्कल काढली. धाकट्याच्या नेटचा पासवर्ड त्याला ठाऊक होता. धाकट्यानेच विश्वासाने सांगितलेला. दादाने आपल्या राउटरला धाकट्याच्या नेटचंच नाव दिलं आणि पासवर्डही तोच ठेवला. टॅबला काय कळतंय कुठलं कुणाचं ते? येईल आपोआप. ही काही चोरी नव्हे, आपलंच आपण परत घेतोय, असं त्याने स्वतःला बजावलं.

त्या दुपारी आई लवकरच टॅबसमोर बसली. दुसऱ्या दिवशी मावशीच्या हृदयाचं ऑपरेशन होतं.

"ताई," मावशी म्हणाली, "मुलांना नाही बोलले, पण तुला सांगते, मला ना..." आणि चेहरा थिजला.

"काय गं? बोल ना! अगं, अशी का थांबलीस?"

चित्र हललं, पुन्हा थिजलं. टॅब खालच्या राउटरवरून वरच्यावर, वरच्यावरून खालच्यावर उड्या मारत होता, आणि प्रत्येक उडीला मावशी तुटत होती. आई टॅब हलवून हलवून हाका मारू लागली. तिच्या हाका ऐकून धाकटा धावत खाली आला, त्याने काहीबाही दाबून पाहिलं.

"माझंच काहीतरी चुकलंय, आई. नवीन आहे ना, मला नाही कळत."

"तू राहू दे," आई म्हणाली, आणि किती महिन्यांनी तिने सगळ्या घराला ऐकू जाईल अशी हाक मारली, "दादा, नेट!"

या हाकेसाठी तर सगळा खटाटोप. दादा आला, पण दारातच उभा राहिला.

"बघ रे बाबा. तिचं बोलणं अर्धंच राहिलंय. उद्या काय होईल, कोणी पाहिलंय?"

धाकट्याने खुर्ची रिकामी करून दिली. "मी म्हणतच होतो, दादाशिवाय आपलं नेट चालायचं नाही."

दादाने टॅब हातात घेतला. चेहरा सवयीने गंभीर झाला. सांगून टाकावं, असं एकदा ओठांपर्यंत आलं. पण आईच्या डोळ्यांकडे बघून तो एवढंच म्हणाला, "एक मिनिट."

टॅब आईकडे देऊन तो पुढच्या खोलीत गेला, स्टुलावर चढला आणि आपल्या राउटरची पिन काढून त्याने तो हातात घेतला. दिवे विझले.

थोड्या वेळाने मागच्या खोलीतून मावशीचा आवाज आला, स्वच्छ, सलग. "ताई, ऐकू येतंय का? भीती वाटतेय गं मला."

"येतंय गं. मी आहे इथे. बोल तू," आई म्हणाली. मग हळूच, धाकट्याला, "बघितलंस? दादाचा हात लागला की चालतं."

बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "झालं का सुरू?"

"झालं," दादा म्हणाला.

हातातला डबा अजून कोमट होता. तो पार निवेपर्यंत दादा स्टुलावरून खाली उतरला नाही.