तळहातावरचे तीन डाग

गोदामात मुंगी शिरायला जागा नव्हती. दारं-खिडक्या बंद, आत काळोख, आणि माळ्यावरून उतरलेला उजेडाचा एकच झोत. त्यात हात धरला की तळहातावर वाटीएवढा सूर्य उमटे आणि त्या सूर्यावर काळे डाग दिसत.

"हे तुमच्या पापाचे डाग," तेजोबाबा सांगत. "कबूल कराल तर देव गार राहील, नाकाराल तर जाळेल."

अकरा जणांनी कबूल केलं. बारावा एक सुतार होता, तो अडून बसला आणि सगळ्यांदेखत त्याच्या हाताची कातडी टरारून फुगली. मग काय, न केलेली पापंसुद्धा लोक भराभर ओकू लागले.

आता दवाखान्यातल्या नर्सबाईंना फरफटत आणलं. बाबांनी औषध बंद करायला लावलेलं एक तान्हं मूल दगावलं होतं, आणि त्याचं खापर बाबांनी बाईंच्या नजरेवर फोडलं होतं. दोघांनी तिचे दंड पिरगाळले, तिसऱ्याने मनगट धरून तळहात झोतात दाबला.

मागे तिच्या धाकट्या भावाला चौघांनी जखडलं होतं. तो टेकडीवरच्या सूर्याच्या दुर्बिणीवर कामाला. रोज सकाळी सूर्याची प्रतिमा कागदावर पाडून तिच्यावरचे डाग तो पेन्सिलीने टिपी, म्हणून गाव त्याला डागवाला म्हणे. दोन महिन्यांपूर्वी दुर्बिणीला नवे आरसे आणि कॅमेरा बसला, तरी त्याची सवय सुटली नव्हती. जुने आरसे त्यानेच भंगाराच्या गाडीवर चढवले होते. ते कुठे जातात, हे विचारायचं काही त्याला सुचलं नाही.

ताईच्या तळहातावर तीन डाग होते. दोन जोडीने, एक बारका बाजूला. आज सकाळी त्याने हेच काढले होते.

"कबूल कर, बाई."

"मूल औषधावाचून गेलं. मी काय कबूल करू?"

बाबांनी वर मान केली. माळ्यावर काहीतरी घासलं, झोत रुंद झाला आणि ताई किंचाळली. जळक्या कातडीचा वास सुटला.

डागवाल्याने एकाच्या हाताला कडकडून चावा घेतला. डोक्यात काठी बसली, कानावरून रक्त ओघळलं, तरी तो झोतापर्यंत पोचला. झोत पुन्हा बारीक झाला होता. त्याने बाबांचा पंजा त्यात खेचला. तिथेही तेच तीन डाग.

"तुमचंही तेच पाप का, बाबा?" खिशातला कागद काढून त्याने जरा फिरवला. डाग तंतोतंत जुळले. "सकाळी काढलेत. हे डाग सूर्यावर आहेत. कोणाच्याही हातावर धरा, तेच दिसतील."

तो माळ्यावर चढला. मागोमाग सुतार. एक सपाट आरसा छपराच्या भोकातून ऊन घेत होता, दुसरा खोलगट आरसा ते खाली एका जागी गोळा करत होता. झाकणाची दोरी धरून चेला बसला होता. झाकण थोडं उघडलं की देव गार, पुरतं उघडलं की देव कोपला. सुताराने हे खाली ओरडून सांगितलं.

खाली लोकांनी बाबांना चेचलं आणि त्यांचा हात झोतात दाबून धरला. "उघड झाकण," सगळे ओरडले. चेल्याच्या हातून हिसकावलेली दोरी आता डागवाल्याच्या मुठीत होती. उघडावं, असं त्यालाही अगदी आतून वाटलं.

"सोड ती दोरी," ताई म्हणाली.

"ताई, तुझा हात बघ."

"बघितलाय. पोलिसांना बोलवा." ती गर्दीकडे वळली. "माझं मनगट बाबाने नाही, तुम्ही धरलं होतंत. आता त्याचं धरलंय. उद्या कोणी दुसरा चमत्कार दाखवील. तेव्हा हात धरायच्या आधी एकाने तरी माळ्यावर चढून बघा."