निवड-खोलीतला फळा आणि एक लाल टिकली

मित्रांनो, मी एक जुना पांढरा फळा आहे. लांबी चौदा फूट, उंची सहा फूट. अंग पोलादी पत्र्याचे, वर पांढरा मुलामा. माझा जन्म एका शाळेसाठी झाला होता, पण ती शाळा बांधण्याचा बेतच रद्द झाला. म्हणून टोलेडो हेरन्स या फुटबॉल संघाने मला उचलून आपल्या निवड-खोलीच्या भिंतीवर लावले. शाळेत गेलो असतो तर माझ्यावर बेरजा-वजाबाक्या झाल्या असत्या. इथे माझ्या अंगावर माणसांची नावे लागली.

आमच्याकडचा फुटबॉल हातात धरून पळण्याचा असतो. दर एप्रिलमध्ये देशभरच्या कॉलेजांतले तयार गडी सगळे संघ पाळीपाळीने निवडून घेतात. या निवडीला ड्राफ्ट म्हणतात. आदल्या मोसमात जो संघ तळाला, त्याला पहिला मान. जो अजिंक्य, तो शेवटी. हेरन्सना बरीच वर्षे फार वेळ थांबावे लागलेले नाही.

प्रत्येक गड्याच्या नावाची एक चुंबकी पट्टी असते. चांगला गडी वर, बेताचा खाली. ही नावे आणतात ते संघाचे पारखी. ते वर्षभर गाडीतून गावोगाव फिरतात, थंडीत कुडकुडत सामने पाहतात आणि पेट्रोल पंपावरचे अंड्याचे सँडविच खाऊन निजतात. आमच्याकडे रीत अशी होती की प्रत्येक पारख्याला वर्षाला एकच लाल टिकली मिळे. ज्याच्यावर त्याचा जीव जडला असेल, त्या गड्याच्या पट्टीवर ती लावायची. दुसरी रीत अशी की निवडीच्या दिवशी पारख्यांनी भिंतीलगत बसायचे आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचे नाही.

या दोन रीतींमध्ये सापडलेला माणूस म्हणजे रॉस्को टीग. ओहायो, इंडियाना आणि मिशिगनमधली लहान कॉलेजे त्याच्याकडे होती. उंच, वाकलेला, बोलायला मोजका. एका वर्षी त्याच्या टिकलीचा गडी माझ्यावर बराच वर होता. निवडीच्या दिवशी खोलीत चाळीस माणसे कोंबलेली, हवा तापलेली, आणि माझा डावा कोपरा जरा वाकलेला. ती पट्टी हळूहळू दोन ओळी खाली घसरली. तेव्हाच्या साहेबांनी माझ्याकडे पाहून दुसरेच नाव घेतले. पट्टी घसरताना खोलीत एकट्या रॉस्कोने पाहिली होती. तो अर्धवट उठला आणि पुन्हा बसला. कोणी त्याला विचारले नव्हते.

तो गडी दुसऱ्या संघात जाऊन नामांकित झाला. वर्तमानपत्रांनी आमची टर उडवली. मग माझा वाकलेला कोपरा सगळ्यांच्या नजरेस आला, चूक त्याची ठरली, भिंतीवर संगणकाचा मोठा काचेचा पडदा आला आणि मला प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालच्या कोठीत फाटक्या गाद्यांमागे उभे केले गेले. तिथे मी पाच वर्षे होतो. डोक्यावर सामने चालत. पायऱ्यांवरच्या पावलांवरून मला निकाल कळे, कारण हरलेल्या संघाचे लोक लवकर उठतात. सामन्याचे चार भाग असतात, पण पाचव्या वर्षी तर ते तिसऱ्या भागातच उठू लागले. त्या मोसमात सतरा सामन्यांपैकी आम्ही दोन जिंकलो. हेरन म्हणजे बगळा, तेव्हा पाहुण्या गावचे लोक वर बसून ओरडत, “बगळा एका पायावर उभा, दुसरा पाय खड्ड्यात!”

मग मालकांनी साहेब बदलले, प्रशिक्षक बदलला. नव्या महाव्यवस्थापक बर्नाडेट कोवाल टोलेडोच्याच. वडील काचेच्या कारखान्यात होते. नवे प्रशिक्षक ड्वेन लॅटिमर पूर्वी शाळेत बीजगणित शिकवत. सरावाच्या गाद्या शोधायला ते स्वतः कोठीत आले आणि मला पाहून जुना वर्गमित्र भेटावा तसे हसले. त्यांनी बाईंना सांगितले की पडद्यावर सगळी नावे सारखीच दिसतात, आणि फळा नसला की त्यांचे डोके चालत नाही. बाईंनी होकार दिला, पण कोपरा ठोकून सरळ करण्याच्या अटीवर. मैदानाच्या माळ्याने लाकडी हातोडीने तो सरळ केला. लॅटिमरनी बाह्या सरसावून मला व्हिनेगरच्या पाण्याने पुसले. मित्रांनो, पाच वर्षांनी अंगावरून ओले फडके फिरले तेव्हा काय वाटले, ते मला सांगता येत नाही.

नवे साहेब आले की जुन्या पारख्यांचे काय होते, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असते. वर्षभराची माहिती त्यांच्याकडे असते, म्हणून त्यांना एप्रिलच्या निवडीपर्यंत ठेवतात आणि मे महिन्यात निरोप देतात. रॉस्कोचा करारही मेअखेर संपत होता. एकसष्टाव्या वर्षी दुसरा संघ त्याला घेणार नव्हता. तरी त्या हिवाळ्यात तो पूर्वीइतकाच फिरला. फेब्रुवारीत परत आला आणि त्याने आपली लाल टिकली माझ्या अगदी तळाच्या ओळीतल्या एका पट्टीवर लावली. त्यावर नाव होते एझ्रा लिंडक्विस्ट. हा उत्तर मिशिगनमधल्या एका चिमुकल्या कॉलेजचा सेंटर, म्हणजे चेंडू मागे देऊन मग समोरच्याला थोपवणारा मधला गडी. बाकीचे पारखी गालात हसले. एकाने विचारले, “रॉस्को, निवृत्तीची भेट म्हणून मासे पाठवणार आहे का तो पोरगा?” एझ्राच्या घरची मासेमारीची होडी होती.

एप्रिलमध्ये पहिली निवड आमची होती. सगळ्या गावाला एक देखणा क्वार्टरबॅक हवा होता, लांबवर चेंडू फेकणारा. कोवाल बाईंनी तो पहिला क्रमांकच दुसऱ्या संघाला देऊन टाकला आणि बदल्यात चार निवडी घेतल्या. त्यांचा हिशेब सरळ होता. आमचा आहे तो क्वार्टरबॅक गेल्या मोसमात एकसष्ट वेळा आडवा झाला होता. त्याच्या पुढची फळीच पोकळ असताना नवा आणला, तर तोही आडवाच होणार. गावाला हे पटले नाही. रेडिओवर लोक बाईंच्या नावाने खडे फोडू लागले. ज्या बेकरीतून त्या लहानपणापासून पाँचकी, म्हणजे आत मुरंबा भरलेल्या तळलेल्या गोड पुऱ्या घेत, तिथल्या म्हातारीने त्यांना दुसऱ्या दिवशी मुद्दाम कालच्या दिल्या. बाईंनी त्या निवड-खोलीत आणून सगळ्यांना वाटल्या.

निवड तीन दिवस चालते; तिसऱ्या दिवशी चौथी फेरी आली. घड्याळात पाच मिनिटे. माझ्यावर वरच्या ओळीत एक वाऱ्यासारखा पळणारा गडी शिल्लक होता आणि सगळ्यांचे डोळे त्याच्यावर होते. बाईंनी त्याच्या नावाची चिठ्ठी लिहायला घेतली. भिंतीलगतच्या रांगेत खुर्ची सरकली. रॉस्को उभा होता. त्याला कोणी काही विचारले नव्हते.

“बाई, ती चिठ्ठी थांबवा.”

बाईंनी पेन खाली ठेवले नाही, पण लिहिणे थांबवले. रॉस्को माझ्याजवळ आला, वाकला आणि तळाची पट्टी काढून त्याने सगळ्यांना दिसेल अशी हातात धरली.

लॅटिमरनी विचारले, “याचे हात आखूड आहेत ना रे?”

“आखूड आहेत. मी तीनदा मोजले. दर वेळी तेवढेच भरले.”

“मग?”

“मग तो समोरच्याच्या जवळ जातो, कोच. त्याला लांबून भांडता येत नाही.” दोघे-तिघे हसले. रॉस्को हसला नाही. त्याने सांगितले की या पोराचे चार सामने त्याने मैदानाच्या टोकाला, बर्फात उभे राहून पाहिले. चेंडू देण्याआधी हा गडी कधी डावीकडच्या, कधी उजवीकडच्या सोबत्याच्या मांडीवर चापट मारतो. आणि ज्याला चापट, त्याच्याच अंगावर हल्ला येतो. “एकूण एकावन्न वेळा त्याने चापट मारली. एकोणपन्नास वेळा तो बरोबर होता. समोरच्यांचे पाय वाचतो तो. हे कुणी शिकवलेलं नाही त्याला.”

घड्याळात एक मिनिट दहा सेकंद राहिले होते. बाई म्हणाल्या, “तुमची टिकली याच्यावरच आहे? पुढच्या महिन्यात करार संपतोय तुमचा, लक्षात आहे ना?”

“आहे. म्हणूनच ही टिकली वाया घालवायची नव्हती.”

बाईंनी लॅटिमरकडे पाहिले. बीजगणिताचे ते मास्तर माझ्याकडे, म्हणजे माझ्या रिकाम्या झालेल्या तळाकडे बघत होते. “एकावन्नात एकोणपन्नास,” ते पुटपुटले. “माझ्या वर्गात एवढे मार्क कुणाला पडत नसत.”

बाईंनी पहिली चिठ्ठी फाडली.

निवडलेल्या गड्याला फोन करून कळवायची रीत आहे. एझ्राने तळ्यावरच्या होडीतून फोन उचलला. त्याचे नाव दूरदर्शनवर वाचले जाईल असे त्याच्या घरात कुणाच्याच मनात नव्हते. बाईंनी ‘टोलेडोहून बोलतेय’ म्हणताच त्याने नम्रपणे सांगितले की आजचा माल संपला, उद्या सकाळी चौकशी करा. खोलीत एवढा हशा पिकला की माझ्यावरच्या चार पट्ट्या खाली पडल्या. त्या लगेच जागच्या जागी लावल्या गेल्या. दोघांनी तपासूनही पाहिल्या.

मे महिना आला. बाकीच्या जुन्या पारख्यांना निरोप मिळाला. रॉस्कोला बाईंनी माझ्यासमोरच सांगितले, “मी गोडगोड बोलत नाही. मोसम संपेपर्यंत थांबा. पोरगा टिकला तर पुढचं बोलू.” रॉस्कोने मान हलवली. म्हणजे मित्रांनो, आता त्याची भाकरी एका आखूड हातांच्या कोळ्याच्या पोरावर अवलंबून होती आणि त्याच्या हातात करण्यासारखे काही उरले नव्हते.

त्या उन्हाळ्यात मला दुसरे काम मिळाले. लॅटिमर पुढच्या फळीच्या गड्यांचा दर शुक्रवारी माझ्यापुढे वर्ग घेत. नियम असा होता की प्रत्येकाने स्वतःचे नव्हे, शेजाऱ्याचे काम फळ्यावर मांडून दाखवायचे. तीनशे वीस पौंडांचे धिप्पाड गडी हातात पेन घेऊन घाम पुसत उभे राहत. ज्याचे चुकेल त्याने सगळ्यांना मिरचीचा रस्सा घातलेले हंगेरियन हॉटडॉग आणायचे. पहिले तीन शुक्रवार एझ्राच चुकला. सराव-सामन्यांतही तो गोंधळला. नव्या सोबत्यांना त्याची चापट समजत नव्हती, एकाने तर वळून विचारले, “काय रे, माशी बसली होती का?” पहिल्या तीन सामन्यांत तो बाकावर होता आणि तिन्ही सामने आम्ही हरलो. रॉस्को त्या दिवसांत दर सोमवारी येऊन माझ्यावरची गड्यांची यादी बघे. एझ्राची पट्टी दुसऱ्या, म्हणजे बाकावरच्या गड्यांच्या ओळीत दिसली की परत गाडीत जाऊन बसे.

चौथ्या सामन्याआधीच्या शुक्रवारी एझ्रा पुन्हा फळ्यापाशी आला. या वेळी त्याने शेजाऱ्याचे काम मांडलेच नाही. त्याने समोरच्या संघाच्या चार माणसांचे पाय काढले. फक्त पाय, कुठला पुढे, कुठला टाचेवर. मग प्रत्येकाखाली लिहिले, हल्ला कुठून येणार. डावीकडचा थोराड गडी वाकून ते पाहू लागला आणि म्हणाला, “हे आधी सांगायचंस ना. चापट कसली मारतोस?” एझ्रा लाजून म्हणाला की मोठ्यांना सांगायचे कसे, ते त्याला कळत नव्हते. लॅटिमरनी ते पाय पुसू दिले नाहीत. त्या रविवारी एझ्राची पट्टी पहिल्या ओळीत होती, आणि आम्ही जिंकलो.

त्यानंतरचे आकडे सांगतो. उरलेल्या चौदा सामन्यांपैकी नऊ आम्ही जिंकले. क्वार्टरबॅक पूर्ण मोसमात बावीसदा आडवा झाला, त्यातला निम्मा आकडा पहिल्या तीन सामन्यांतला. बेकरीतल्या म्हातारीने बाईंना ताज्या पाँचकी द्यायला सुरुवात केली, पण माफी मागितली नाही. शेवटचा सामना घरच्या मैदानावर होता. तो संपला तेव्हा भिंतीतून असा गजर आला की माझा पत्रा थरथरत राहिला, आणि अर्धा तास उलटला तरी भिंतीपलीकडच्या पायऱ्यांवरून एकही पाऊल खाली उतरले नाही.

रॉस्को त्या दिवशी गावात नव्हता. आपल्याच संघाचा सामना पारख्याच्या नशिबी नसतो. तो इंडियानात एका सपाट गावात, कुणा उंच पोराला भेटायला गेला होता. सामना त्याने गाडीच्या रेडिओवर ऐकला. सोमवारी आला तेव्हा कोवाल बाई माझ्यावरच्या पट्ट्या उतरवत होत्या. रॉस्को दारातच उभा राहिला, टोपी हातात धरून. बाईंनी वळूनही पाहिले नाही.

“गाडीचे टायर कसे आहेत तुमच्या?” त्यांनी विचारले.

“गुळगुळीत झालेत, बाई.”

“बदलून घ्या. मार्चपर्यंत मला मिशिगनची सगळी लहान कॉलेजं पाहून हवीत. पुढची दोन वर्षंही.” मग त्या वळल्या. “आणि एप्रिलमध्ये भिंतीला बसू नका. टेबलाशी खुर्ची ठेवतेय तुमची.”

रॉस्कोने टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली, पुन्हा घातली. एवढेच त्याला सुचले. मग तो टायर बदलायला गेला.

मित्रांनो, मी पत्र्याचा आहे. मला बोलता येत नाही, फक्त दाखवता येते. म्हणून तुम्हाला एवढेच मागणे आहे. तुमच्या वर्गातल्या फळ्याचा कोपरा वाकला असेल तर त्याला कोठीत टाकू नका, ठोकून सरळ करा. ओल्या फडक्याने पुसत जा. त्यावर लिहिलेले तळापर्यंत वाचा, कारण वाचणाऱ्याची नजर बहुधा वरच थांबते. आणि काही चुकते आहे असे एकट्या तुम्हालाच दिसले, तर कोणी विचारण्याची वाट बघू नका, लगेच उभे राहा.